विमान आधी की कॅप्टन?

प्रादेशिक विमानसेवेच्या फेऱ्या रद्द होऊ लागल्या की हल्ली एक कारण हमखास पुढे येते: वैमानिक मिळत नाहीत. त्यापाठोपाठ तीन मागण्या येतात. परवाने भराभर द्या, विश्रांतीचे नियम सैल करा, नोकरी सोडणाऱ्या वैमानिकाला बांधून ठेवा. या मागण्यांच्या मुळाशी असलेले निदानच चुकीचे आहे. वैमानिक आपल्याकडे आहेत. टंचाई आहे ती कॅप्टनची, आणि विमाने आधी ठरवायची, माणसांचे नंतर पाहू, या सवयीतून ती उद्भवली आहे.

2023 या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, सोळाशेहून अधिक व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. गोंदिया, बारामती इथल्या संस्थांतून मुलेमुली शिकून बाहेर पडतात. अनेकांच्या घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलेले असते. परवाना हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारे कितीतरी तरुण आज देशात आहेत. ते दोनशे तासांचे सहवैमानिक. त्यांची भरती वाढवून कॅप्टनची खुर्ची भरत नाही. डिसेंबर 2025मध्ये इंडिगोच्या फेऱ्या कोलमडल्या तेव्हा जे आकडे बाहेर आले, ते याच्याकडेच बोट दाखवतात. विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे एअरबस ताफ्यासाठी 2,422 कॅप्टन हवे होते, होते 2,357. सहवैमानिक मात्र गरजेपेक्षा थोडे जास्तच होते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत असेल, तर तीन-चार विमानांच्या कंपनीचे काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

कॅप्टन घडतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिथेच अडकला आहे. विमानाची सूत्रे स्वतंत्रपणे हाती घ्यायची तर एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना (एटीपीएल) लागतो आणि त्यासाठी 1,500 तासांचे उड्डाण. दोनशे तासांवर रुजू झालेला सहवैमानिक वर्षाला साधारण सहा-सातशे तास उडाला, तरी दोन वर्षे त्यातच जातात. पुढे परीक्षा, सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखालची उड्डाणे. शिमला किंवा कुलूसारख्या ठिकाणी उतरायचे तर कॅप्टनला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. सगळे सुरळीत झाले तरी तीन वर्षे सहज लागतात.

आता हा काळ प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या घड्याळाशी ताडून पाहा. या योजनेत एखाद्या मार्गाला व्यवहार्यता निधी, म्हणजे तूट भरून काढणारे अनुदान, आणि मक्तेदारी मिळते ती तीन वर्षांसाठी. म्हणजे या मार्गाच्या जोरावर नेमलेला सहवैमानिक कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावर येतो, नेमके तेव्हाच मार्गाचे अनुदान संपते. कंपनी फेरी गुंडाळते आणि तयार झालेला माणूस जेट विमाने चालवणाऱ्या मोठ्या कंपनीत जातो. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून मुंबईची सेवा ऑक्टोबर 2021मध्ये सुरू झाली आणि मुदत संपताच 2024मध्ये बंद पडली. नांदेडहून हैदराबादला पहिल्याच दिवसापासून, एप्रिल 2017पासून, ‘उडान’चे विमान होते. ते चालवणारी ट्रूजेट फेब्रुवारी 2022मध्ये थांबली. महालेखापरीक्षकांच्या 2023च्या अहवालानुसार मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371पैकी तीन वर्षे पुरी केली ती 112नी. यामागे भांडवलाचा तुटवडा आहे, मुंबईतले स्लॉट आहेत, विमानांची उपलब्धताही आहे. सगळा दोष कॅप्टनच्या टंचाईवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण भांडवल आले, स्लॉट मिळाला, विमान भाड्याने आणून उभे केले, तरी उडवणारा नसेल तर बाकीचे सगळे खर्चाच्या खात्यात जाते. उभ्या विमानाचे भाडे चुकत नाही.

प्रादेशिक सेवेतल्या एका एटीआर विमानाचा साधा हिशेब मांडू. दिवसाला दहा तास उडवायचे तर वर्षाचे साडेतीन हजारांहून अधिक तास झाले. वैमानिकाला वर्षाला हजार तासांची कमाल मर्यादा आहे, पण प्रादेशिक सेवेत ती गाठता येत नाही. तासाभराच्या चार-पाच फेऱ्यांत जमिनीवरचा वेळच इतका जातो की कामाचे तास आधी संपतात, आणि एका पाळीत जितक्या वेळा विमान उतरवायचे तितकी त्या पाळीची मर्यादा कमी होते. रजा, आजारपण, सिम्युलेटरवरच्या चाचण्या धरल्या तर विमानामागे किमान पाच कॅप्टन लागतात. तीन विमानांना पंधरा. त्यांतला एक सोडून गेला आणि एक वैद्यकीय चाचणीत अडकला, की वेळापत्रक डळमळते. हजारो वैमानिकांच्या कंपनीला ती दोन माणसे जाणवतही नाहीत.

त्यात ताफा मिश्र असला की दुखणे वाढते. एटीआरच्या 42 आणि 72 या विमानांवर थोड्या जादा प्रशिक्षणाने तेच वैमानिक चालतात, पण एटीआरचा कॅप्टन डॉर्नियर या वेगळ्या बनावटीच्या विमानावर बसवता येत नाही. अलायन्स एअरसारखी कंपनी दोन्ही प्रकार चालवते. ईशान्येतल्या आखूड धावपट्ट्यांसाठी डॉर्नियर आवश्यकच आहे, हे मान्य. मात्र त्यासाठी राखीव कॅप्टनची दुसरी, स्वतंत्र फळी उभी करावी लागते, आणि त्या फळीचा खर्च आधीच धरला पाहिजे.

विश्रांतीच्या नियमांमुळे छोट्या शहरांची सेवा मरते, हा दुसरा दावा. जानेवारी 2024मध्ये डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 केली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. रात्रीची अट प्रादेशिक सेवेला फारशी बोचतच नाही, कारण आपल्या अनेक छोट्या विमानतळांवर रात्री विमान उतरवायची सोयच नाही. साप्ताहिक विश्रांतीने कॅप्टनची गरज वाढते, हे खरे. पण नियमाचा शेवटचा टप्पा लागू झाला 1 नोव्हेंबर 2025ला. जवळजवळ दोन वर्षे हातात होती. तेवढ्या अवधीत जी कंपनी माणसे उभी करू शकली नाही, तिला विमाने वाढवायची परवानगी कशी मिळते, हा विचारायचा प्रश्न आहे. दमलेल्या वैमानिकाच्या हाती विमान देऊन छोट्या शहराचे भले होत नाही. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण गेले. त्याची सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती आणि कॅप्टनने आधीची रात्र नेवार्कच्या कर्मचारी कक्षात काढली होती. चौकशी मंडळाने कॅप्टनचा चुकीचा प्रतिसाद हे मुख्य कारण ठरवले, पण थकव्यामुळे दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यताही नोंदवली. तो अपघात प्रादेशिक सेवेतलाच होता.

राहिला बांधून ठेवण्याचा उपाय. 2017पासून कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस देणे बंधनकारक आहे. तरीही 2023मध्ये अकासा एअरचे 43 वैमानिक नोटिशीचा काळ पुरा न करता गेले आणि कंपनीला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. कागदावरचे बंधन विमान उडवत नाही. उलट उदाहरणही अमेरिकेतच आहे. तिथे प्रादेशिक कंपन्यांनी वर्षानुवर्षे सहवैमानिकालाही लागू असलेल्या 1,500 तासांच्या नियमाला दोष दिला. जून 2022मध्ये पीडमाँट आणि एन्व्हॉय या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा पगार ताशी 90 डॉलरवर नेला. नियम तोच राहिला आणि सहवैमानिक मिळू लागले. मग अडचण कुठे सरकली? कॅप्टनपाशी. मोठ्या कंपन्यांनी त्यांना उचलून नेले होते.

म्हणून माझी मागणी अशी. ‘उडान’च्या निविदेत कंपनी विमान कोणते आणि कुठून आणणार हे सांगते, तसेच त्या प्रकारचे किती कॅप्टन आज पगारावर आहेत आणि पुढच्या तीन वर्षांत किती सहवैमानिक कॅप्टन होतील, हेही लेखी द्यावे. ती संख्या पुरी होईपर्यंत ताफ्यात नवे विमान येऊ नये. अनुदानाची मुदत तीनवरून किमान पाच वर्षे करावी, म्हणजे कॅप्टन घडवणाऱ्याच कंपनीला त्याची दोन वर्षे तरी मिळतील. मोठ्या कंपन्यांशी करार असावा: इतकी वर्षे प्रादेशिक कॅप्टन म्हणून काढली की ठरलेल्या तारखेला तिकडे जागा नक्की. एन्व्हॉयच्या वैमानिकांना अमेरिकन एअरलाइन्समध्ये जायची अशी वाट आहे. जायची तारीख माहीत असलेला माणूस तोवर निश्चिंत काम करतो आणि कंपनीलाही त्याची जागा घेणारा वेळेत तयार करता येतो. नागपूर, कोल्हापूर, जळगावच्या वैमानिकांना शक्य तिथे घराजवळचा तळ द्यावा. रात्री आपल्या घरी झोपायला मिळणे हे प्रादेशिक कंपनी देऊ शकते, मोठी कंपनी सहसा देऊ शकत नाही.

यामुळे नवे मार्ग कमी सुरू होतील, असा आक्षेप येईल. होतील, आणि व्हावेत. 2025च्या अर्थसंकल्पात दहा वर्षांत 120 नव्या ठिकाणांचे लक्ष्य जाहीर झाले आहे. त्यांतली साठ दहा वर्षे अखंड चालली तर मी ते यश मानेन.

खर्चाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. ‘उडान’चा निधी मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या शुल्कातून उभा राहतो. ते शुल्क भरणाऱ्या मोठ्या कंपन्याच प्रादेशिक सेवेतले तयार कॅप्टन नेतात. तेव्हा त्या निधीतला ठरावीक वाटा कॅप्टन-प्रशिक्षणासाठी राखून ठेवणे न्याय्य आहे. व्यवहार्यता निधीचा 20 टक्के भार महाराष्ट्र सरकार उचलते. पुढच्या करारावर सही करण्याआधी हे कलम मागण्याचा हक्क राज्याला आहे, आणि तो त्याने वापरला पाहिजे.