कार्यमुक्त झालेल्यांचे लॉगिन आजच बंद करा

शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य, पतसंस्था व सहकारी बँकांचे व्यवस्थापक, रुग्णालयांचे प्रशासक आणि संगणक कक्ष सांभाळणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती.

राज्यात २००५ च्या कायद्याप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लागलेली कितीतरी मंडळी ३१ मे रोजी निवृत्त होतात. शाल-श्रीफळ दिले जाते, ना-देय प्रमाणपत्रावर सह्या होतात. कपाटाची किल्ली, ओळखपत्र, ग्रंथालयाची पुस्तके, उचल घेतलेली रक्कम, सगळ्यांसाठी त्यात रकाना असतो. लॉगिनसाठी मात्र बहुतेक ठिकाणी नसतो. माणूस घरी जातो आणि त्याचे खाते सर्व्हरवर सगळ्या अधिकारांसकट चालूच राहते.

असे एक खाते काय करू शकते, हे मे २०२१ मध्ये अमेरिकेने भोगले. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत इंधन नेणाऱ्या कलोनिअल पाइपलाइनच्या नेटवर्कमध्ये हल्लेखोर शिरले, ते वापरात नसलेल्या पण कोणी बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. काही दिवस पाइपलाइन ठप्प झाली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली.

आता आपल्या सर्व्हरवरचा ‘डोमेन ॲडमिन्स’ हा ग्रुप उघडा. तिथे दोन-तीन नावे पुरेत. पण ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’, ‘व्हेंडर२’ अशी खाती दिसली, तर ती कोणाची आहेत हे विचारा. मग ‘पगार’ फोल्डरच्या परवानग्या बघा. काम अडले म्हणून कोणीतरी घाईत ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देऊन ठेवले असेल, तर रॅन्समवेअरला वाट मोकळी आहे. ज्याच्या लॉगिनवर ते चालते, त्याला जी फाइल बदलता येते ती प्रत्येक फाइल ते कुलूपबंद करते. चुकीच्या लिंकवर क्लिक होते आवक-जावक टेबलावर आणि अडतो सगळ्या संस्थेचा पगार.

म्हणून या आठवड्यात एवढे कराच :

१. आस्थापना विभागाकडून कर्मचाऱ्यांची आजची यादी घ्या आणि सर्व्हरवरच्या खात्यांशी एकेक नाव ताडून पाहा. जे जुळत नाही, ते खाते डिसेबल करा. लगेच डिलीट करू नका. त्याच्या फाइली आणि परवानग्या कुठे कुठे आहेत, हे आधी तपासा.

२. परवानगी ‘लेखा’, ‘परीक्षा’, ‘भांडार’ अशा ग्रुपला द्या आणि माणसे त्या ग्रुपमध्ये घाला. बदली झाली की नव्या ग्रुपमध्ये नाव पडते, जुन्यातून काढायचे राहून जाते. ते काढा आणि त्या कर्मचाऱ्याला लॉग-ऑफ करायला लावा. चालू सत्रात जुने अधिकार टिकून असतात.

३. ग्रुपच्या आत ग्रुप असेल, तर शेवटच्या नावापर्यंत पोहोचा.

४. ॲडमिनच्या खात्यावरून ईमेल किंवा रोजची कामे करू नका. त्याला आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लॉगिनला दुसरी पडताळणी लावा.

५. ना-देय प्रमाणपत्रात ‘लॉगिन बंद केले’ हा रकाना आजच वाढवा. त्यावर संगणक कक्षाची सही आणि तारीख घ्या.

यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. उलट, तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केलेल्या लिपिकाच्या खात्यातून त्याच्या निवृत्तीनंतर कोणी गैरव्यवहार केला, तर लॉगमध्ये नाव त्याचेच उमटते. उतारवयात त्याला चौकशीला सामोरे जावे लागू नये, ही संस्थेची जबाबदारी आहे. ‘सगळ्यांचा एकच पासवर्ड’ चालवणाऱ्या कार्यालयांत तर खरा दोषी सापडणेच कठीण.

खात्यात कोणी शिरल्याचे लक्षात आले तर झाकून ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे.

संस्थाप्रमुखांनो, हे काम संगणक कक्षाला तोंडी सांगून भागणार नाही. कार्यमुक्तीचा आदेश निघेल त्याच दिवशी लॉगिन बंद झाले पाहिजे, असा लेखी आदेश काढा आणि त्या आदेशाची प्रत आस्थापना विभागालाही द्या. ३१ मेची वाट पाहू नका. मागच्या वर्षी निवृत्त झालेल्यांची नावे घेऊन आजच ताडून पाहायला बसा.