कमाई कोणाची, ताबा कोणाचा?

चित्रपटातील नटीच्या आयुष्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या समाजात रूढ आहेत. एक कौतुकाची. तीत तिचे रूप, तिच्या भूमिका, तिला मिळालेले मानसन्मान यांची उजळणी होते. दुसरी नीतीची. तीत तिने संसार कसा केला, कोणाशी केला आणि तो का मोडला याची चौकशी होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तिसरी एक रीत सुचते, ती हिशेबाची. या बाईने किती मिळविले, ते कोणाच्या हाती गेले आणि कोणत्या कागदावर कोणी सही केली, हे प्रश्न नीरस वाटतील. पण ते विचारल्याखेरीज नटीचेच काय, कोणाही मिळवत्या स्त्रीचे चरित्र पुरते कळत नाही, असे माझे मत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हंसा वाडकर यांचे. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म मुंबईचा, १९२३ चा. घरात गाण्याची परंपरा होती आणि पैशाची चणचणही होती. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात त्या प्रथम पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांचे होते. ज्या वयात मुलीने इयत्ता पार कराव्यात त्या वयात ती घराचा खर्च चालवू लागली. घराण्याचे नाव सिनेमात नको म्हणून तिचे आडनाव बदलले, तिची कमाई मात्र घरात चालली. या एका गोष्टीत पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज आहे. समाजाला तिचा पैसा हवा होता. तिचे नाव नको होते.

पुढील कारकीर्द कोणालाही हेवा वाटावा अशी आहे. बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ १९३९ चा, प्रभातचा ‘संत सखू’ १९४१ चा आणि ‘रामशास्त्री’ १९४४ चा. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने त्यांना तमाशापटाची सम्राज्ञी केले. १९५० साली ‘पुढचं पाऊल’ आणि १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे चित्रपटगृहाच्या मालकाला, वितरकाला आणि करमणूक कराच्या रूपाने सरकारलाही त्यातून उत्पन्न मिळत राहिले. नटीचा मोबदला मात्र सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे करारात एकदाच ठरे. खेळ किती आठवडे चालला यावर तो वाढत नसे. आणि तो एकदाच मिळणारा पैसा तरी तिच्या हाती राहत होता काय?

याचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले आहे. त्यांनी सांगितलेली आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलेली आत्मकथा १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाचक हादरला. हादरला तो त्यातल्या धीट कबुलीजबाबांनी. मद्य, परपुरुष, घर सोडणे, फसवणूक यांवरच चर्चेचा सारा रोख राहिला. पण त्याच पुस्तकात एक साधी, न ओरडता सांगितलेली हकीकत आहे, ती अशी की लग्नानंतर या बाईला संसार करावयाचा होता, काम थांबवावयाचे होते. आणि तिला थांबू दिले गेले नाही, कारण ती थांबली असती तर घर थांबले असते. माहेरी ती मिळवती मुलगी होती, सासरी मिळवती बायको झाली. काम करण्याची सक्ती आणि कामाच्या मोबदल्यावर ताबा नसणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, की त्या अवस्थेला वेठ म्हणतात. रेशमी वस्त्रे नेसविली म्हणून तिचे नाव बदलत नाही. पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्या गेल्या.

याच आत्मकथेवर बेतलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ साली आला. त्यातील नायिकेचे काम स्मिता पाटील यांनी केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही पुण्याची मुलगी तेव्हा अवघी बावीस वर्षांची होती. पुढे १९८६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर तिचा अंत झाला. ‘भूमिका’तील नवरा बायकोच्या मिळकतीवर जगतो, तिची कामे ठरवितो आणि तिच्यावर संशयही घेतो. हा मनुष्य पाहून प्रेक्षागृहात चुकचुकणारे आपण बाहेर आल्यावर ही जुन्या काळची, सिनेमावाल्यांची गोष्ट म्हणून मोकळे होतो. ती तशी नाही, हेच मला सांगावयाचे आहे.

परंतु सगळ्याच नट्यांची हीच गत झाली काय? तसे म्हणणे खोटे ठरेल. त्याच काळात, त्याच प्रभातच्या छायेत दुर्गा खोटे यांची कारकीर्द घडली. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामती, १९३६ च्या ‘अमरज्योती’तील बंडखोर सौदामिनी, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई या त्यांच्या भूमिका सर्वांना ठाऊक आहेत. दुःखे त्यांनाही चुकली नाहीत. पती अकाली गेले, तरुण मुलगा गेला. पण त्या एकाच संस्थेच्या पगारदार होऊन राहिल्या नाहीत. निरनिराळ्या संस्थांशी त्यांनी स्वतंत्रपणे करार केले, १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती केली, पुढे माहितीपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था उभारली. १९८८ साली दूरदर्शनवरील ‘वागळे की दुनिया’तला जो कारकून घरोघरी आपलासा झाला, तोही त्यांच्याच निर्मितिसंस्थेचा. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तो अभिनयाबद्दल. पण त्यांचे व्यवहारचातुर्यही तितकेच सन्मानास पात्र होते.

दोघींच्या गुणांत अंतर होते असे कोणी म्हणणार नाही. अंतर होते ते भांडवलाचे, आणि भांडवल म्हणजे केवळ पैसा नव्हे. दुर्गाबाई वकिलाची कन्या. इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या. करारावर काय लिहिले आहे ते त्या स्वतः वाचू शकत होत्या आणि नको असेल तेव्हा ‘नाही’ म्हणू शकत होत्या. हंसाबाईंना तेराव्या वर्षापासून कोणी ना कोणी कागद पुढे करीत होते. कमाई दोघींनीही केली. कमाईवर ताबा एकीलाच मिळाला. प्रभातच्या १९३९ च्या ‘माणूस’ची नायिका शांता हुबळीकर यांना उतारवयात वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला, हेही या संदर्भात विसरू नये.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’ या चित्रपटातील पोरगा जॅकी कूगन याने लहानपणी अमाप पैसा मिळविला. सज्ञान झाल्यावर पाहतो तो तिजोरी रिकामी. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र बाप यांच्यावर दावा लावला, आणि त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. इंग्लंडची हेली मिल्स ही १९६० च्या ‘पॉलियाना’मुळे जगप्रसिद्ध झालेली मुलगी. तिच्या वडीलधाऱ्यांनी तिची कमाई हेतुपूर्वक विश्वस्त निधीत राखली होती. पण ती व्यवस्था करआकारणीच्या कचाट्यात सापडली, आणि एकविसाव्या वर्षी तिला कळले की बहुतेक सारे सरकारजमा होणार. तेथील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत लढूनही १९७४ साली ती हरली. पहिल्या घटनेत लबाडी होती, दुसरीत नव्हती. पण दोन्हींत मिळविणारे मूल हिशेबाच्या बाहेर होते.

आपल्याकडे बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनी चित्रपटात व दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या मुलांसाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आणि त्यांच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावे मुदतठेवीत ठेवणे बंधनकारक केले. रतन साळगावकरच्या पहिल्या चित्रपटानंतर एक्क्याऐंशी वर्षांनी का होईना, कायद्याला तो प्रश्न सुचला. मात्र हे संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यापुढच्या मिळवत्या मुलीचे, बायकोचे काय?

आता यवतमाळकडे वळू. जानेवारी २०१९ मध्ये या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाचा मान कोणा नामवंताला न मिळता कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी, अंगणवाडीत काम करून मुले वाढविणारी, आणि अभिनेत्रीही. शेतकरी विधवांच्या जीवनावरील श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात अशाच स्त्रियांनी स्वतः भूमिका केल्या, त्यांपैकी वैशालीताई एक. त्या दिवशी मंडपात टाळ्या पुष्कळ झाल्या. पण रंगमंचावरून उतरलेल्या अशा बाईला घरी गेल्यावर जे प्रश्न भेटतात ते टाळ्यांनी सुटत नाहीत. सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागले काय? कर्ज त्याच्या नावे होते, ते आता कोणी फेडावयाचे? कापूस तिने वेचला, पण चुकारा कोणाच्या नावे निघाला?

पऱ्हाटीच्या ओळीतून कंबर मोडेपर्यंत वेचणी करणाऱ्या बाया आणि त्या वेचलेल्या बोंडांचा दाम यांच्यामध्ये एक कागद उभा असतो. चुकारा ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याच खात्यात जातो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला तो हेच ओळखून. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली, १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. २०२४ पासून राज्य सरकार ‘लाडकी बहीण’ योजनेचे पंधराशे रुपये थेट बाईच्या खात्यात जमा करू लागले. त्या योजनेच्या राजकारणाविषयी मतभेद होऊ शकतील. पण गावोगावच्या बायका आपले स्वतःचे खाते उघडण्यासाठी बँकेच्या दारात रांगा लावून उभ्या राहिल्या, ही घटना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षुल्लक मानू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक असतो. घर म्हणजे काही पेढी नव्हे. नवराबायकोत हिशेब कसला? विश्वासावर चाललेल्या संसारात ही तुमची जमाखर्चाची वही कशाला? आक्षेपात तथ्य आहे. अमर्त्य सेन यांनीही कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकत्रच नांदतात असे दाखविले आहे, नुसता संघर्ष असतो असे म्हटलेले नाही. परंतु विश्वास हा दोन जाणत्या माणसांमधला असावा लागतो. एकाला सगळे ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, तेथे असतो तो विश्वास नव्हे, अवलंबन. आणि ते पहिला मनुष्य सज्जन असेल, जिवंत असेल तोवरच निभावते.

हे मी दुसऱ्यांना शिकविण्यासाठी लिहीत नाही. माझी पत्नी शिक्षिका आहे. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिच्या आयकराचे विवरण मीच भरतो आणि ती दाखविलेल्या जागी सही करते. दोन वर्षांपूर्वी मी आजारी पडलो, तेव्हा विम्याचा कागद कोठे आहे आणि आमचा भूखंड कोणाच्या नावावर आहे हे तिला सांगता येईना. भूखंड माझ्या नावावर होता. हप्ते बहुतांशी तिच्या पगारातून गेले होते. लबाडी मी केली नव्हती, कधी विचार केला नव्हता इतकेच. उभा जन्म अर्थशास्त्र शिकविणाऱ्याच्या घरी ही स्थिती. अंथरुणावर पडल्या पडल्या मला ‘भूमिका’तला तो नवरा आठवला आणि त्याच्याकडे बोट दाखविण्याचा माझा हक्क किती, हा प्रश्न पडला.

आमच्या महाविद्यालयात आज मुली मोठ्या संख्येने शिकतात. त्यांतल्या अनेक जणी नोकरी करतील, पगार आणतील. मिळवती सून हवी, अशा जाहिराती आता सर्रास दिसतात. समाजाने स्त्रीच्या कमाईला मान्यता दिली आहे यात शंका नाही. पण ती मान्यता साळगावकरांच्या घरानेही १९३६ सालीच दिली होती. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. पासबुक कोणापाशी राहील, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो तिने वाचलेला असेल काय, काम सोडावयाचे किंवा चालू ठेवावयाचे हे कोण ठरवील, याची उत्तरे लग्न ठरविताना कोणी विचारीत नाही. ती विचारण्याची सवय शिक्षकांनी वर्गात आणि आईबापांनी घरी लावली पाहिजे.

या महिनाअखेरीस पगार होईल. शिक्षक, कारकून, जो कोणी हा लेख वाचीत असेल, त्याने त्या संध्याकाळी घरातील पासबुके, विम्याचे कागद आणि सातबारा टेबलावर काढावेत आणि दोघांनी मिळून ते वाचावेत. अर्धा तास पुरेल. आम्ही तो उशिरा काढला. आमच्या भूखंडाच्या कागदावर आता दोन नावे आहेत.