काजळाचे बोट आणि तुंबलेले आसू

बाळ दोन-तीन आठवड्यांचे होते न होते तोच त्याचा एक डोळा सारखा पाणावू लागतो. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात. 'डोळे आले' असा निर्वाळा देऊन घरातील वडीलधारी मंडळी काजळाचे बोट वा मधाचा थेंब पुढे करतात. शहरात त्याऐवजी चिठ्ठीविना आणलेली औषधाची बाटली येते. उपाय निराळे, चूक मात्र एकच. दुखणे डोळ्यात नसून डोळ्यातून नाकात उतरणाऱ्या अश्रुनलिकेत आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही.

१०० पैकी निदान ५-६ नवजात बालकांत या नलिकेच्या खालच्या तोंडावरील पातळ पडदा जन्मानंतरही उघडलेला नसतो. मग तुंबलेल्या डबक्याचे जे होते तेच अश्रुपिशवीचे होते. त्वचेवर आणि नाकाघशात एरवी मुकाट्याने वसणारे स्टॅफिलोकॉकस, न्यूमोकॉकस, हिमोफिलस हे जिवाणू तेथे फोफावतात. जिवाणू हे निमित्त. मूळ कारण अडथळा. म्हणूनच थेंबांनी आटलेला पू थेंब थांबताच परततो. काजळाने तर घाणीत भरच पडते. शिवाय काही काजळांत शिसे आढळले आहे, ते वेगळेच.

सुमारे ९० टक्के बालकांत हा मार्ग वर्षाच्या आत आपोआप मोकळा होतो. क्रिग्लर या नेत्रवैद्याने १९२३ साली सांगितलेला उपाय बिनखर्चाचा आहे: हात स्वच्छ धुऊन, नखे कापून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी बोट ठेवायचे आणि नाकाच्या कडेने खाली हलका दाब द्यायचा. एवढ्यानेही न भागल्यास सळई घालून मार्ग उघडता येतो.

मात्र धीर धरण्यालाही मर्यादा आहे. पहिल्या आठवड्यातच पापण्या सुजून भरपूर पू येऊ लागला, तर तो परम्याचा जिवाणू असू शकतो. तो बुबुळ भेदून दृष्टी हिरावतो. याच अंधत्वाविरुद्ध लायप्झिगच्या क्रेडे यांनी १८८१ साली सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाचा उपाय मांडला होता. नाकालगतचा कोपरा लाल होऊन सुजला वा बाळाला ताप आला, तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

जन्मानंतरच्या ४२ दिवसांत आशा सेविका घरोघरी बाळाला पाहावयास जातात. त्या भेटींत प्रत्येक आईला हा दाब प्रत्यक्ष हाताने शिकविला जावा आणि धोक्याची लक्षणे आजीलाही समजावून सांगितली जावीत. काजळाच्या बोटामागची माया खरी आहे. तिला केवळ योग्य जागा दाखविण्याची गरज आहे.