फुकट प्रणालीची किंमत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. अलिबाग ते श्रीवर्धन या किनारपट्टीवरील एखाद्या माध्यमिक शाळेतील दहा वर्षांचा संगणक त्या दिवशी काही बंद पडला नाही. मात्र त्याच्या सुरक्षेतील छिद्रे बुजविण्याची नेहमीची व्यवस्था संपली. आणि विंडोज ११ ला मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत त्याचा प्रोसेसर नसल्याने पुढचा मार्गही खुंटला. टिकाऊ पर्याय दोनच उरतात : नवे यंत्र घेणे, अथवा लिनक्स स्वीकारणे.

लिनक्स फुकट मिळते, हे खरे. पण कोणते लिनक्स? लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला तो प्रणालीचा केवळ गाभा होता. त्याभोवती निरनिराळ्या गटांनी आपापली जुळणी करून डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट अशी वितरणे सिद्ध केली. शिवाय पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, ही पुन्हा वेगळी निवड : ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई. उत्साही विद्यार्थी या यादीत महिनोन्महिने रमतो. त्याला तो छंद परवडतो. शाळेच्या लिपिकाला परवडत नाही. वस्तूची किंमत शून्य असली तरी ती वापरण्याचा खर्च शून्य नसतो, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा येथे विसरला जातो. फी-पावती छापता न आल्याने वाया गेलेली दुपार हाच तो खर्च होय.

केरळने तो ओळखला. तेथील शालेय प्रकल्पाने आधी डेबियनवर व नंतर उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली ठरविली आणि शिक्षकांना तिचेच प्रशिक्षण दिले. अडलेल्या शिक्षकाला शेजारच्या शाळेत उत्तर मिळू लागले. सर्वोत्तम वितरण कोणते, हा वाद त्यापुढे गौण आहे. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेले ‘बॉस’ स्वदेशी आहे. पण तालुक्यात ते जाणणारा कोणी नसेल तर केवळ स्वदेशीपणावर कारकुनी चालत नाही.

या किनाऱ्याला आणखी एक कारण लागू पडते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर येथील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना व संपर्काविना राहिली. आर्चसारखे सतत अद्ययावत करावे लागणारे वितरण अशा ठिकाणी अडचणीचे. वर्षानुवर्षे देखभाल मिळणारी मिंट, उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती किंवा डेबियन बरी. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर एक्सएफसीई घ्यावे. यंत्र थोडे दमदार असल्यास सिनॅमन घ्यावे. त्याची खालची पट्टी व मेनू विंडोजच्या सवयीला फारसा धक्का देत नाहीत. ग्नोम देखणे आहे, पण निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या हेडक्लार्कवर ते लादणे निव्वळ अन्याय ठरेल.

खरी अडचण दप्तरातील जुन्या मराठीची आहे. युनिकोडमधील मजकूर कोठेही उघडतो, इन्स्क्रिप्ट कळफलकही सर्व प्रमुख वितरणांत मिळतो. पण युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली पत्रे तो फॉन्ट नसल्यास अगम्य रोमन चिन्हांत दिसतात. त्यांचे रूपांतर आधी करून घ्यावे.

डिस्कला हात न लावता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्या वेळी संगणकापुढे मुख्याध्यापकांनी नव्हे, लिपिकाने बसावे आणि शाळेच्याच प्रिंटरवर एक बोनाफाईड दाखला मराठीत छापून पाहावा.