गुण किती आणि गुण कोणते

१९९० च्या दशकात उल्हासनगरच्या बाजारात व्हिडिओ गेमची एक कॅसेट सर्रास मिळत असे. तिच्या वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असा आकडा ठसठशीत छापलेला असे. जपानी यंत्राची नक्कल असलेला तो डबा टीव्हीला जोडून यादी उघडली की ध्यानात येई, खेळ मोजून दहा-बारा. पुढची हजारो नावे म्हणजे त्याच खेळांची फिरवाफिरव. एका क्रमांकावर मारिओ पहिल्या टप्प्यापासून धावे, दुसऱ्यावर तिसऱ्या टप्प्यापासून, एवढाच काय तो फरक. पण आम्हा मुलांना त्याचे वाईट वाटल्याचे आठवत नाही. ज्या गावच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगून लोक हसत, त्या गावात वेष्टन आणि माल यांत अंतर असते हे पोरासोरांनाही ठाऊक होते. आकडा बघून कॅसेट घ्यायची आणि घरी आल्यावर आकडा विसरून खेळायचे, असा तो सरळ व्यवहार होता.

आज तीसेक वर्षांनंतर, मराठीचे अध्यापन करताना, त्या कॅसेटची आठवण झाली ती एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या परीक्षणामुळे. समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमच्याकडे वीस गुणांचा प्रकल्प असतो. विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एका कलाकृतीचे परीक्षण लिहायचे. बहुतेक जण कादंबरी घेतात, काही नाटक वा चित्रपट. अंबरनाथहून येणाऱ्या या मुलाने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा कन्सोलवरचा खेळ घेतला. हा खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने घडवलेला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणकावर आला. राजी नावाची कसरती करणारी मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडतात. जगभरच्या समीक्षकांनी या खेळातील स्थापत्य, रंग आणि संगीत यांची वाखाणणी केली, पण लढाईचा बोजडपणा, कॅमेऱ्याची बंधने, आटोपशीर लांबी आणि अर्ध्यावर सोडल्यासारखा शेवट यांवर बोट ठेवले. सरासरी गुण शंभरापैकी सत्तरीच्या आसपास राहिले.

विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्याच्या शेवटी, चौकटीत, ‘१० पैकी ८.५’ असे लिहिलेले होते. मी सहज विचारले, “साडेआठच का? नऊ का नाहीत?” तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “सर, मला नऊच द्यायचे होते. पण बाहेर सगळ्यांनी सात दिलेत. नऊ दिले तर लोक म्हणतील, आपला म्हणून दिले.”

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. चार पानांच्या लेखनात त्या मुलाने कुणाचीही भीड बाळगली नव्हती. भीड पडली ती शेवटच्या आकड्याला. वाक्य आपले एकट्याचे असू शकते. आकडा मात्र लिहिला जाताक्षणी इतरांच्या आकड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि त्यांच्याशी जुळवून घेऊ लागतो. या खेळांच्या समीक्षेचे जे काही बिघडले आहे त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे.

इथे आपल्या भाषेने करून ठेवलेली एक गंमत नोंदवतो. ‘परीक्षण’ आणि ‘परीक्षा’ हे शब्द एकाच धातूपासून आलेले. दोहोंत सर्व बाजूंनी पाहणे अभिप्रेत आहे. ‘गुण’ या शब्दाने तर आपण कलाकृतीची वैशिष्ट्येही दाखवतो आणि उत्तरपत्रिकेवरचा आकडाही. भरताने काव्याचे दहा गुण सांगितले, मम्मटाने ते तिनांत आणले : माधुर्य, ओज आणि प्रसाद. दोघांचा प्रश्न ‘गुण कोणते?’ असा होता. ‘गुण किती?’ हा प्रश्न शाळेचा. एकाच शब्दाच्या आडोशाने दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याची जागा घेतली, तरी ते आपल्या लक्षात येत नाही.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात ही अदलाबदल कशी घडली हे पाहण्यासारखे आहे. जपानच्या ‘फामित्सू’ या साप्ताहिकाची जुनी पद्धत अशी की चार समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज चाळीसपैकी मांडायची. १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळाला प्रथमच चाळीसपैकी चाळीस मिळाले. या पद्धतीत आकडा असला तरी चौघांचे गुण वेगळे दिसतात, सोबत प्रत्येकाचा छोटा अभिप्राय असतो. मतभेद वाचकासमोर शिल्लक राहतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने मात्र नाना ठिकाणच्या परीक्षणांचे गुण शंभराच्या मापात बसवून त्यांची एकच सरासरी काढायला आरंभ केला. कुणी पाच तारे देतो, कुणी दहापैकी, कुणी ए-बी-सी अशी श्रेणी. सारे वितळवून एक संख्या. काही समीक्षकांना अधिक वजन, काहींना कमी. ते वजन किती, हे गुप्त. पंचाहत्तर झाले की आकडा हिरवा, त्याखाली पिवळा, पन्नासाखाली लाल. आणि ज्या समीक्षकाने गुणच दिले नाहीत, त्याने कितीही मार्मिक लिहिले असले तरी या बेरजेत त्याचा आवाज मोजला जात नाही.

वाचकांच्या मनात आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कन्सोलवरच्या नव्या मोठ्या खेळाची किंमत आपल्याकडे चार-पाच हजारांच्या घरात जाते. बदलापूरच्या एखाद्या घरात वर्षाकाठी असा एकच खेळ घेतला जात असेल, तर त्या मुलाने दुकानात जाण्यापूर्वी आकडा पाहू नये असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पैसे वाया जाऊ नयेत यासाठी आकडा पाहणे हा ग्राहकाचा शहाणपणा आहे. परंतु त्या ग्राहकाच्या तरी उपयोगाला तो किती पडतो? ‘सायबरपंक २०७७’चे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये हा खेळ बाजारात येण्यापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरची प्रत देण्यात आली होती. त्यावरून सरासरी नव्वदीच्या घरात गेली. प्रत्यक्षात जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो इतका अडखळत चालत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. तो पुन्हा विक्रीस आला जून २०२१ मध्ये. आकडा खोटा होता असे म्हणता येणार नाही. तो वेगळ्या यंत्राचा होता. कोणत्या यंत्रावर खेळलो, हे परीक्षणातले एक साधे वाक्य ग्राहकाला वाचवू शकले असते. पण सरासरीत वाक्ये उतरत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट आहे ती निर्मात्यांची. २०१० मध्ये आलेला ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा खेळ ऑब्सिडियन या संस्थेने घडवला. करारानुसार मेटाक्रिटिकवर पंचाऐंशी गुण मिळाले तर संस्थेला बक्षिसी मिळणार होती. मिळाले चौऱ्याऐंशी. बक्षिसी हुकली, हे त्या संस्थेतील ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये उघड केले. आणि समीक्षकही या चक्राबाहेर नसतो. २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’च्या जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या खेळाला दहापैकी सहा दिले. त्या खेळाची मोठी जाहिरात तेव्हा त्याच संकेतस्थळावर झळकत होती. लवकरच त्यांची नोकरी गेली, आणि त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. एका आकड्यावर कुणाचे वेतन आणि कुणाची नोकरी टांगली गेली, की तो मताचा सारांश उरत नाही. तो हत्यार होतो, आणि ज्याला त्याला ते आपल्या हाती हवे असते.

प्राध्यापक वाचकांना हे परके वाटू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आपल्या अध्यापन-संशोधनाला ‘एपीआय’चे गुण लावले. २०१८ मध्ये ती पद्धत बदलली. पण मधल्या काळात निबंध वाचण्याऐवजी मोजण्याची जी सवय जडली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. निबंधात काय आहे असे विचारणारा सहकारी विरळा, किती झाले असे विचारणारे सर्व.

तथापि आकडा हद्दपार केला की समीक्षा आपोआप सुधारते, अशा भ्रमात राहण्याचेही कारण नाही. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे बंद केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने पुन्हा सुरू केले, वाचकांना झटपट निवाडा हवा असतो, हे त्यातून दिसतेच. आणि आपल्या मराठी ग्रंथपरीक्षणांचे काय? वृत्तपत्रे चित्रपटांना तारे देतात, पुस्तकांना देत नाहीत, याचा आपण अभिमान बाळगतो. पण लेखकाचा परिचय, कथानकाचा गोषवारा, मुखपृष्ठाचे कौतुक आणि अखेरीस ‘वाचनीय व संग्राह्य’ हा शेरा, या साच्यातली परीक्षणे आपण वर्षानुवर्षे छापली आहेत. ‘संग्राह्य’ हाही एक गुणांकच, फक्त अक्षरात लिहिलेला. त्यात आणखी एक दोष असा की तो सर्वांना सारखाच मिळतो. खेळांचा समीक्षक दहापैकी सहा देण्याचे धाडस तरी करतो.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सुचवले की आकडा काढ, आणि जिथे आकडा होता तिथे कारण लिही. तीन आठवड्यांनी तो दुसरा मसुदा घेऊन आला. समीक्षकांनी ज्याला दोष म्हटले होते त्या कॅमेऱ्यावर त्याने दीड पान खर्च केले होते. या खेळात दृष्टिकोन खेळाडूच्या हाती नसतो. कॅमेरा बहुधा दूर आणि उंचावर राहतो, त्यामुळे अजस्र प्रासादांच्या आणि मूर्तींच्या पार्श्वभूमीवर राजी मुंगीएवढी दिसते. लढताना याची अडचण होते, हे त्याने मान्य केले. पण त्या मुलीचे एकटेपण नेमके याच अडचणीतून जाणवते, असे त्याचे म्हणणे. पुढे त्याने आपल्या गावच्या शिवमंदिराचा दाखला दिला. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील ते शिलाहारकालीन देऊळ. तिथेही पाहणाऱ्याने कुठून, किती उंचीवरून पाहायचे हे शिल्पकाराने ठरवून ठेवले आहे : बाहेर मान वर करून प्रदक्षिणा घालायची आणि आत पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात जायचे. मोठे आणि लहान यांच्या या ताणाला त्याने मर्ढेकरांची ‘विरोधलय’ ही संज्ञा लावून पाहिली. ती काटेकोर बसते का, यावर मतभेद होऊ शकेल. मी स्वतः साशंक आहे. पण वाद घालता येईल असे काहीतरी त्या पानावर होते. साडेआठशी कोण आणि कसा वाद घालणार?

आपल्या विभागांनी हा विषय दूर ठेवू नये, असे मला या निमित्ताने सुचवायचे आहे. विद्यार्थी हे खेळ खेळतातच आणि त्यांविषयी बोलतातही. पण ते बोलणे आकड्यांच्या भाषेत चालते, कारण दुसरी भाषा त्यांना कुणी दिलेली नाही. ती आपल्याकडे आहे. रस, लय, निवेदक, अवकाश या संकल्पना आपण रोज शिकवतो. त्या कादंबरीपुरत्या राखून ठेवण्याचे कारण नाही. अट एवढीच असावी की परीक्षणात आकडा नको आणि चार गोष्टी हव्यात : कोणत्या यंत्रावर खेळलो, किती वेळ खेळलो, खेळ विकत घेतला की फुकट मिळाला, आणि कुठे कंटाळलो. अखेरची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण ती लपवण्याचा मोह सर्वांत मोठा.

असो. आता माझ्याकडचा हिशेब. तो प्रकल्प वीस गुणांचा होता आणि नियमानुसार मला आकडा लिहिणे भाग होते. मी सोळा दिले. गुणपत्रक लागल्यावर तो मुलगा भेटायला आला. तक्रार अशी नव्हती, चेहऱ्यावर किंचित हसू होते. म्हणाला, “सर, चार कुठे गेले, तेवढे लिहून द्याल का?”

मी त्याला बसवून घेतले आणि कोरा कागद ओढला. अर्ध्या पानापर्यंत पोचलो तेव्हा ध्यानात आले की चारांपैकी दोनच गुणांची कारणे मला देता येत आहेत. उरलेले दोन मी निव्वळ सवयीने कापले होते.