ऊस घालणारा सभासद, घाम गाळणारा कोण?

महाराष्ट्र ही सहकाराची पंढरी आहे, असे सांगण्याची एक प्रथाच पडून गेली आहे. गळीत हंगामाचा शुभारंभ असो, जिल्हा बँकेचा अमृतमहोत्सव असो वा दूध संघाची वार्षिक सभा. व्यासपीठावरून हे वाक्य उच्चारले गेले नाही, असे सहसा होत नाही. टाळ्याही पडतात. परंतु या पंढरीच्या महाद्वाराशी एक प्रश्न १९६० च्या सहकार कायद्यापासून ताटकळत उभा आहे. ज्याच्याजवळ ऊस नाही, दूध नाही, ठेवायला ठेव नाही, ज्याच्याजवळ केवळ दोन हात आणि त्या हातांतले कसब आहे, त्याने कोणत्या संस्थेचा मालक-सभासद व्हावे?

प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचे अर्थशास्त्र यांचा तो संगम होता. खासगी साखरसम्राटांच्या दारात गाडी उभी करून भावासाठी हात पसरणारा शेतकरी स्वतः कारखान्याचा मालक झाला, ही घटना लहान नव्हती. तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र त्याच कारखानदारीच्या दुसऱ्या टोकाला काय घडले? मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पाचटाच्या खोपीत संसार मांडला जातो, मुलांची शाळा मागे राहते. कारखान्याच्या दफ्तरात या माणसाचे नाव शोधू जावे, तर करार सापडतो तो मुकादमाशी किंवा तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ज्याच्या कोयत्यावाचून सहकाराचे चाक एक दिवस फिरणार नाही, तो त्या सहकारात सभासद नाही, धड नोकरही नाही. पिढ्यान् पिढ्या तो उचलीच्या हिशोबातला एक आकडा आहे.

यावर सहकार खात्यातील जाणकार सांगतील की, कायद्यात तरतूद आहे. ते खरेच आहे. सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या संस्थेला १९६० च्या कायद्याने ‘उत्पादक संस्थे’च्या व्याख्येत जागा दिली आहे. त्याही आधी, १९४७ साली, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांचा प्रारंभ केला होता, तो वनवासी बांधवांना लाकूड ठेकेदाराच्या जाचातून सोडवण्यासाठीच. तेव्हा कल्पना नवीन नाही. परंतु व्याख्या म्हणजे कायदा नव्हे. कारखाना बंद पडत असताना कामगारांनी तो घ्यायचा तर कसा, भांडवल कोठून आणायचे, भागाची किंमत कशी ठरवायची, सभासद निवृत्त झाला की त्याच्या भागाचे काय करायचे, यांतील एकाही प्रश्नाला त्या व्याख्येत उत्तर नाही.

आणि ज्या ठिकाणी ती व्याख्या प्रत्यक्षात उतरली, तिथे तिचे काय झाले? सार्वजनिक बांधकामाची ठराविक रकमेपर्यंतची कामे वाटताना मजूर सहकारी संस्थांसाठी ३३ टक्के हिस्सा राखण्याचे सूत्र शासनाने स्वीकारले. हेतू चांगला होता. परिणाम असा की, जिल्ह्याजिल्ह्यांत मजूर संस्थांचे पीक आले आणि त्यातले कित्येक ‘मजूर’ चारचाकीतून उतरू लागले. कागदावर अंगमेहनत करणारे सभासद, प्रत्यक्षात नातेवाईकांची यादी आणि पाठीमागे एक ठेकेदार, असे या संस्थांचे रूप गावोगाव कुणालाही ठाऊक आहे. गंमत अशी की, आयकर खात्याला हा धोका सहकार खात्याच्या आधी कळला होता. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-पी कलमाने श्रमाच्या सामूहिक विनियोगातून मिळणाऱ्या उत्पन्नाला पूर्ण सूट दिली, पण एक अट घालून. मताचा अधिकार प्रत्यक्ष श्रम करणाऱ्या सभासदांपुरताच हवा; फार तर पतपुरवठा करणारी सहकारी संस्था आणि राज्य शासन यांना तो असावा. मालकी कोणाची, हे ओळखण्याची खूण एका करवसुलीच्या कायद्याने इतक्या नेमक्या शब्दांत सांगावी आणि सहकाराच्या कायद्याने ती खूण काटेकोरपणे तपासू नये, याला काय म्हणावे?

मग खराखुरा श्रमिकांच्या मालकीचा उद्योग महाराष्ट्रात उभा राहिलाच नाही काय? राहिला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने ते काम आज हजारो घरांत पोहोचले आहे. तेथे पापड लाटणारी स्त्री नोकर नसते, ती ‘भगिनी’ असते. नफ्यात तिचा वाटा असतो आणि तोटा झाला तर त्याचा भारही सर्वांवर असतो. कोणत्याही सहकारमहर्षीला अभिमान वाटावा अशी ही संस्था. परंतु १९६६ मध्ये तिने नोंदणी केली ती सहकार कायद्याखाली नव्हे, तर १८६० च्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या संस्था नोंदणी कायद्याखाली! वाचनालये आणि नाट्यमंडळे ज्या कायद्याखाली नोंदतात, त्याच्या आसऱ्याला श्रमिक-मालकीचा एवढा मोठा प्रयोग राहावा, हे पुष्कळ काही सांगून जाते. त्याच साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने संस्थेला मान्यता दिली आणि खेळत्या भांडवलाची सोय केली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. योग्य वेळी मिळालेला एक आधार पुरेसा ठरला.

कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जला असा आधार शेवटपर्यंत मिळाला नाही. १९८५ मध्ये मालकांच्या घरातल्या भांडणात आणि कर्जात हा कारखाना बंद पडला. तो काळ कसा होता? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाख कामगारांचे संसार उद्ध्वस्त केले होते. गिरणगावातली पोरे वाममार्गाला लागत होती. अशा वेळी कामानीचे कामगार मोर्चे काढून थांबले नाहीत. आम्ही कारखाना चालवतो, असे म्हणून ते योजना घेऊन उभे राहिले. १९८८ मध्ये आजारी उद्योगांविषयीच्या मंडळाने, म्हणजे बीआयएफआरने, त्यांच्या सहकारी संस्थेची योजना मंजूर केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. कामगारांनी पगारात कपात सोसली, भविष्यनिर्वाह निधीतला पैसा घातला आणि १९८९ मध्ये कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला. तांब्याच्या नळ्या बनवण्यात हे कामगार कमी पडले नाहीत. त्यांची कोंडी झाली ती खेळत्या भांडवलाच्या दारात, आणि पुढे तो प्रयोग बुडाला. ‘पाहा, कामगारांना कारखाना चालवता येत नाही’, असे म्हणणारे लगेच पुढे सरसावले. याच कारखान्याला मालकांनी कर्जात लोटून टाळे लावले होते, तेव्हा ‘मालकांना कारखाना चालवता येत नाही’ असा निष्कर्ष यांपैकी कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

त्या वेळच्या आजारी उद्योग कायद्याच्या १८ व्या कलमात एक मोलाचा उल्लेख होता. आजारी कारखाना विकायचा तर खरेदीदारांत कामगारांच्या सहकारी संस्थेचाही समावेश होईल, असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. तो कायदा १ डिसेंबर २०१६ पासून इतिहासजमा झाला. त्याची जागा त्याच वर्षीच्या दिवाळखोरी संहितेने घेतली. बँकांना वर्षानुवर्षे झुलवणाऱ्या बड्या थकबाकीदारांना या संहितेने वठणीवर आणले, हे मान्य केलेच पाहिजे. अवसायनात कामगाराचे २४ महिन्यांचे थकीत वेतन तारणधारक धनकोंच्या बरोबरीने देण्याची तरतूदही तिने केली. पण कामगारांच्या सहकारी संस्थेचा तो उल्लेख मात्र जुन्या कायद्याबरोबर गेला. कारखान्याचे भवितव्य ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीत बँका बसतात, वित्तसंस्था बसतात. तीस वर्षे यंत्रावर घाम गाळलेला कामगार तेथे मतदार नाही. त्याला भंगाराच्या लिलावाची वाट पाहत घरी बसायचे आहे.

या प्रश्नावर डावे आणि बाजारवादी यांचे आश्चर्यकारक एकमत आहे. बाजारवाद्यांना कामगार मालक झालेला नको, कारण मग ‘शिस्त’ राहत नाही. डाव्यांनाही तो मनापासून नको, कारण कामगार मालक झाला की वर्गसंघर्ष कोणाशी करायचा? अपवाद आहेत आणि ते सांगायलाच हवेत. कॉफी बोर्डाने १९५७ मध्ये कॉफी हाउसे बंद केली, तेव्हा बडतर्फ कामगारांना सहकारी संस्था काढायला लावणारे ए. के. गोपालन हे कम्युनिस्टच होते, आणि ती कॉफी हाउसे आजही अनेक शहरांत चालू आहेत. पण पक्षाच्या पोथीत या प्रयोगाला पहिले पान कधी मिळाले नाही. दत्तोपंत ठेंगडींनी मात्र हाच विचार मध्यभागी ठेवला. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण, श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण, ही भारतीय मजदूर संघाची घोषणा आहे. तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागावर व्याख्याने पुष्कळ झाली. मधला भाग, उद्योगांचे श्रमिकीकरण, त्याचा कायदेशीर मसुदा कुठे आहे, असे एखाद्या तरुण कार्यकर्त्याने विचारले तर त्याच्यापुढे काय ठेवणार?

हे शक्यच नाही, असे म्हणणाऱ्यांनी इटलीकडे पाहावे. तेथे १९८५ मध्ये एक कायदा झाला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जोव्हान्नी मार्कोरा ख्रिश्चन डेमोक्रॅट होते, कम्युनिस्ट नव्हते. कारखाना बंद पडू लागला की कामगारांनी सहकारी संस्था काढायची, स्वतःच्या खिशातून भांडवल घालायचे आणि त्याला जोड म्हणून शासनाने निधी द्यायचा. आरंभी हा निधी कामगारांच्या भांडवलाच्या तिपटीपर्यंत होता; युरोपीय आक्षेपांनंतर तो कमी करण्यात आला. पुढे बेकारभत्त्याची रक्कम एकरकमी घेऊन ती भागभांडवलात घालण्याची सोयही तेथे झाली. म्हणजे, घरी बसवण्यासाठी जो पैसा सरकार नाहीतरी देणारच होते, तोच उद्योग जगवायला वापरला गेला. यात दयाबुद्धी नाही, साधा व्यवहार आहे. शेकडो उद्योग या मार्गाने कामगारांकडे गेले.

आज आपल्याकडे परिस्थिती अनुकूल आहे, म्हणूनच हा विषय रेटायला हवा. केंद्रात जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले. २०२५ मध्ये नवे राष्ट्रीय सहकार धोरण आले आणि टॅक्सीचालकांच्या मालकीची बहुराज्य सहकारी संस्थाही नोंदली गेली. या शेवटच्या प्रयोगाचे स्वागत करतानाच हेही पाहिले पाहिजे की, तिच्या पाठीशी ज्या मोठ्या संस्था उभ्या आहेत, त्यांच्या सावलीत चालकाचे मत कोमेजून जाऊ नये. पण राज्यापुरत्या सहकारी संस्थांचा कायदा हा राज्याचाच विषय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा मुंबईतल्या विधिमंडळाला दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. १९६० च्या कायद्यात श्रमिक संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालावे. तेथे काम करणाऱ्यालाच मत, रोजंदारीवर बाहेरची माणसे ठेवण्यावर मर्यादा, आणि नफ्याचा काही भाग कधीही न वाटता राखीव ठेवण्याची सक्ती असावी. मजूर संस्थांच्या सभासद याद्यांची आयकर कायद्याच्या त्याच कसोटीवर फेरतपासणी व्हावी. यातून काही पुढाऱ्यांचे मेहुणे-पुतणे यादीबाहेर पडतील, तेवढी झीज सोसावी. ऊसतोडणी मजुरांच्या संस्थांशी थेट करार करणाऱ्या कारखान्यांना शासनाने थकहमी देताना प्राधान्य द्यावे, म्हणजे मुकादमाची साखळी तुटायला कुठून तरी सुरुवात होईल.

केंद्राने करावयाचे काम त्याहून सोपे आहे. जुन्या कायद्यातली ती ओळ दिवाळखोरी संहितेत परत आणावी, कामगारांचे थकीत वेतन त्यांच्या बोलीची रक्कम म्हणून धरण्याची मुभा द्यावी आणि खेळत्या भांडवलासाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे दार त्यांना उघडे करावे. संहितेनुसार या प्रक्रियेची कमाल मुदत ३३० दिवस आहे. त्यांतील पहिले ६० दिवस कामगारांच्या संस्थेच्या प्रस्तावासाठी राखून ठेवले, तर धनकोंचे नेमके कोणते नुकसान होणार आहे, ते बँकांनी आकड्यांनिशी मांडावे.