स्वहस्ते सजविलेला बैल

पिठोरी अमावास्येचा पोळा आटोपला, की दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी शेतकऱ्यांचे खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी चाकांवरचे लाकडी बैल सजतात, आणि बालगोपाळ त्यांस दोरीने ओढीत घरोघर बोजारा मागत फिरतात. विदर्भाबाहेरील मुलांस हे सुख क्वचितच ठाऊक असते. तथापि या दिवशी ठिकठिकाणी होणाऱ्या सजावटीच्या स्पर्धा पाहिल्या म्हणजे एक विचार आमच्या मनात वारंवार येतो. तो विद्यार्थ्यांपुढे, आणि त्याहूनही अधिक पालकवर्गापुढे, मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

बक्षीस बहुधा कोणत्या बैलास मिळते? जो उंच असतो, ज्याची झूल जरीची असते, ज्याच्या मागे वडिलांचा पैसा व आईची रात्रभराची जागरणे उभी असतात, त्यास. घरातील चिंधीची झूल स्वतः शिवून आणणारा मुलगा मात्र मागच्या रांगेत उभा राहतो, आणि आपण केले ते हिणकस, विकत आणले तेच चांगले, असा धडा त्या कोवळ्या वयात घेऊन घरी जातो. हा धडा पुस्तकातील कोणत्याही चुकीच्या उत्तराहून अधिक घातक होय, असे आमचे मत आहे.

बाजारातून काही आणूच नये, असे आमचे म्हणणे नव्हे. महालातील चितारओळीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी माती, रंग व लाकूड हाताळले, त्यांच्या कसबाचा मान राखलाच पाहिजे. बैल अवश्य त्यांच्याकडून घ्यावा. परंतु त्याची झूल, घुंगुरमाळ आणि शिंगांवरची बेगड मुलाच्या हातची असावी. ज्याने स्वतः एक झूल शिवली, त्यासच कारागिराच्या श्रमाचे खरे मोल कळते.

आणि पैशावाचून होण्याजोग्या गोष्टी आपल्या प्रांतात किती आहेत! ज्वारीचा वाळलेला धांडा सोलला, की आत हलका, मऊ गर मिळतो आणि वरची साल बारीक काडीसारखी निघते. गराच्या तुकड्यांत त्या काड्या टोचून बैलगाडी, चष्मा, पाळणा, हवे ते करता येते; डिंकाचीही गरज लागत नाही. याच धांड्यांच्या मखरात विदर्भातील मुली भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवितात, गाणी म्हणतात आणि डबा हलवून खिरापत ओळखतात.

आपले संत्रेही असेच गुणी. त्याची साल सैल असल्यामुळे मधोमध गोल चीर देऊन ती वाटीसारखी अखंड काढता येते. आतला पांढरा दांडा सालीस चिकटून राहिला, तर तीच वात. साल एक-दोन दिवस वाळवावी, तेल घालावे, दांडा तेलात मुरू द्यावा आणि वडील माणसाच्या देखरेखीखाली दिवा लावावा. दांडा तुटल्यास कापसाची वात चालते.

संक्रांतीचा काटेरी हलवा तर धीराची शाळाच होय. मंद आचेवरील परातीत तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडावयाचा आणि हाताने हलवीत राहावयाचे. प्रत्येक थर सुकला म्हणजेच दुसरा द्यावयाचा. घाई केली की काटा मोडलाच. हे काम कित्येक दिवस चालते. आच व पाक आईने सांभाळावा; मुलांनी तयार हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनेसाठी वा बोरनहाणाच्या बाळासाठी हार, बाजूबंद आणि मुकुट करावे.

कोणी म्हणेल, यात अभ्यासाचा वेळ वाया जातो. यास उत्तर नवे नाही. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली बालशाळा काढली, तेव्हा कागदाच्या घड्या व मातीकाम यांस शिक्षणातच स्थान दिले. त्यानंतर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, आपल्या शेजारच्या वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया असावा, असा विचार मांडला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना राखून स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची सोय सुचविली आहे. परंतु धोरणे कितीही उत्तम असोत, मुलाच्या हातातील कात्री आईबापांनीच काढून घेतली, तर ती काय करणार?

म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. परीक्षकांनी प्रत्येक मुलास विचारावे, "बाळ, यातले तू काय केलेस?" आणि त्या उत्तरावर गुण द्यावेत. पालकांनी सामान आणून द्यावे, सुई व विस्तव यांवर लक्ष ठेवावे आणि मग हात मागे घ्यावा. झूल तिरपी झाली तर तिरपी राहू द्यावी. पुढल्या वर्षी ती सरळ करण्याची हौस मुलाच्याच मनात उत्पन्न होईल. आणि तीच हौस बक्षिसाच्या पेल्याहून अधिक काळ त्याच्याजवळ राहील.